दत्तक लेकरू आपले मूळ विचारते तेव्हा

विदर्भाच्या खेड्यांत एक समज पिढ्यानपिढ्या चालत आला आहे की, दत्तक मुलाने जन्मदात्यांविषयी विचारले म्हणजे त्याचा जीव या घरात रमलाच नाही. हा समज चुकीचा आहे. आरशासमोर वेणी घालताना आपले कुरळे केस घरात कोणासारखेच नाहीत हे जिच्या लक्षात येते, ती मुलगी आईची माया तोलत नसते. तिला स्वतःविषयी जाणून घ्यायचे असते. त्या क्षणी आईच्या काळजात धस्स होते हेही खरे, आणि ती भीती कोणी हसण्यावारी नेऊ नये.

‘कोणाचे रक्त, काय ठाऊक!’ हे वाक्य तर सोयरीक जुळवताना हमखास निघते. गडचिरोली-चंद्रपूरच्या पट्ट्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची काळजी रास्तच आहे. मात्र त्यासाठी जन्मदाते सापडावे लागत नाहीत. मूल वाहक आहे की नाही, म्हणजे स्वतः आजारी नसूनही तो दोष पुढच्या पिढीला देऊ शकते का, हे त्याच्याच रक्ताच्या तपासणीत कळते: आधी सोल्युबिलिटी ही प्राथमिक चाचणी आणि ती पॉझिटिव्ह आल्यास खात्रीसाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही तपासणी. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते, म्हणून लग्नाआधी ही तपासणी पोटच्या मुलांचीही तितकीच करायला हवी.

२०२२ च्या दत्तक नियमावलीनुसार वयाच्या १८ वर्षांनंतर दत्तक व्यक्ती मूळशोधासाठी स्वतः अर्ज करू शकते. टाकून दिलेल्या बाळाच्या कागदावर अनेकदा ते कुठे आणि केव्हा सापडले एवढेच असते. तो कागदही पेटीच्या तळाशी दडवू नये. लेकराने मागण्याआधी आईवडिलांनीच त्याच्याजवळ बसून तो वाचून दाखवावा.