प्रकल्प व्यवस्थापन

ठरावीक मुदतीत, ठरावीक पैशात, एकदाच करायचे काम आखून ते शेवटपर्यंत तडीस नेण्याची पद्धत. रेल्वे चालवणे हे रोजचे काम आहे, रेल्वेमार्ग बांधणे हा प्रकल्प. प्रकल्पाला सुरुवात असते आणि शेवटही असतो. त्यामुळे काय करायचे, किती दिवसांत, किती खर्चात आणि कोणाच्या जबाबदारीवर, हे आधी ठरवावे लागते.

सुरुवातीच्या टप्प्यात व्याप्ती नक्की करतात. काय करायचे याच्या यादीइतकीच काय करायचे नाही याची यादी महत्त्वाची असते, कारण बहुतेक प्रकल्पांचे अंदाजपत्रक मध्येच घुसवलेल्या ‘जाता जाता एवढेही करून टाका’ अशा कामांनी फुगते. व्याप्ती ठरली की कामाचे लहान लहान भाग पाडून प्रत्येकाला वेळ, खर्च आणि जबाबदार माणूस नेमून देतात.

वेळेच्या नियोजनासाठी हेन्री गँट यांच्या नावाने ओळखला जाणारा पट्ट्यांचा तक्ता विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून रूढ झाला. बांधकामाच्या साइटवर आजही त्याला बार चार्टच म्हणतात. कोणते काम कोणावर अडून आहे, हे मात्र साध्या पट्ट्यांतून नीट दिसत नाही. ती उणीव १९५०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत दोन पद्धतींनी भरून काढली : ड्यूपॉन्ट कंपनीत आकाराला आलेली ‘क्रिटिकल पाथ’ आणि नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र प्रकल्पातली ‘पर्ट’ (कामांच्या अनिश्चित कालावधीचा अंदाज धरून वेळ ठरवण्याची पद्धत).

क्रिटिकल पाथ म्हणजे एकमेकांवर अवलंबून असलेल्या कामांची सर्वांत लांब साखळी. घराच्या पायाला ४ आठवडे, भिंतींना ६, स्लॅब व त्याला पाणी मारण्यासाठी ४ आणि प्लास्टरला ३ धरले, तर काम १७ आठवड्यांचे होते. भिंती सुरू करण्याआधी हाती लागणाऱ्या सुताराच्या दार-खिडक्यांच्या चौकटी पहिल्या दिवशी सांगितल्या आणि ३ आठवड्यांत आल्या, तर हाताशी एक आठवडा उरतो. त्याच चौकटींना ६ आठवडे लागले, तर भिंती दोन आठवडे खोळंबतात आणि घर १९ आठवड्यांवर जाते. आता गवंडी जास्त लावून पाया लवकर उरकला तरी उपयोग शून्य, कारण काम सुतारापाशी अडले आहे. ही साखळी अशी बदलत राहते. ती दर आठवड्याला नव्याने तपासणे हेच व्यवस्थापकाचे मुख्य काम होय. बाकीचा बराचसा कागदी व्याप त्यासाठीच असतो.

कोकण रेल्वे हे याचे ठळक भारतीय उदाहरण आहे. १९९० मध्ये स्वतंत्र महामंडळ स्थापन झाले आणि ई. श्रीधरन त्याचे प्रमुख झाले. केंद्राबरोबर महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक व केरळ ही राज्ये भागीदार झाली, उरलेला बराच पैसा रोख्यांतून उभा राहिला. व्याजाचा बोजा रोज वाढणार असल्याने उशीर म्हणजे थेट खर्च होता. रोहा ते मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटरच्या मार्गाचे विभाग पाडून प्रत्येकावर मुख्य अभियंता नेमला आणि जागेवरच निर्णय घेण्याचे अधिकार त्याला दिले. निर्णयासाठी फाइल वर पाठवून वाट पाहण्याची सवय मोडली, ही या प्रकल्पाची सर्वांत मोठी कमाई मानावी लागेल.

पद्धतीची निवडही वेळ वाचवते. रत्नागिरीजवळचा पानवल पूल ४२४ मीटर लांब आणि सुमारे ६४ मीटर उंच आहे. एवढ्या खोल दरीत खालून परांची बांधत बसण्याऐवजी एका टोकाला काँक्रीटचा गर्डर (पुलाची आडवी तुळई) तुकड्यातुकड्याने ओतला आणि जॅकने खांबांवरून पुढे ढकलत नेला.

अडचणी दोन प्रकारच्या आल्या. गोव्यात मार्गाच्या आखणीला विरोध झाला, खाजन शेती (खाऱ्या पाण्याला बांध घालून केलेली शेती) आणि जुन्या गोव्याचा परिसर यांची काळजी लोकांना होती. काही काळ तिथले काम थांबले. बाधित होणाऱ्यांशी आधी बोलणे हा नियोजनाचाच भाग असतो, तो बाजूला राहिला की पुढे काम थांबते. दुसरी अडचण जमिनीखालची. साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा कठीण खडकात खोदता आला, पण पेडण्याच्या जेमतेम दीड किलोमीटरच्या बोगद्यात पाणी मुरलेली मऊ माती पुन्हा पुन्हा ढासळत राहिली. इतरत्र रूळ तयार होते, तरी सलग गाडी जायला हाच बोगदा आडवा आला. मूळ मुदत पाच वर्षांची होती. संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी खुला झाला. खर्च साडेतीन हजार कोटी रुपयांच्या घरात गेला. कामावर प्राण गमावलेल्या कामगारांचे स्मारक रत्नागिरीत आहे.

समारोपाच्या टप्प्यात तपासणी, हिशेब, कंत्राटदारांची अंतिम बिले आणि चालवणाऱ्यांकडे हस्तांतरण येते. ज्या जोखमी शिल्लक आहेत त्यांची नोंदही सोपवावी लागते. कोकण रेल्वेच्या बाबतीत डोंगर कापून केलेले उतार ही अशी जोखीम होती. जून २००३ मध्ये वैभववाडीजवळ दरड कोसळून गाडी घसरली आणि ५०हून अधिक प्रवासी दगावले. उतार सौम्य करणे, जाळ्या बसवणे, पावसाळी गस्त आणि पावसाळ्यात कमी वेगाचे वेगळे वेळापत्रक, हे आता रोजच्या व्यवस्थेचे भाग आहेत. रोहा ते वीर दुपदरीकरण मात्र स्वतंत्र प्रकल्प म्हणून हाती घेतले गेले आणि २०२१ मध्ये पूर्ण झाले.