मारिया टॉलचीफ की मार्जोरी टॉलचीफ? दोन बहिणींचा गोंधळ

'पॅरिस ऑपेरातली पहिली अमेरिकन बॅलेरिना टॉलचीफ' असं कुठे वाचलंत तर आधी बघा, कुठली टॉलचीफ. (पॅरिस ऑपेरा म्हणजे इथे तिथली बॅले कंपनी.) दोघी सख्ख्या बहिणी, दोघी बॅलेरिना, पॅरिसमध्ये दोघींच्या नावावर एकेक 'पहिली' आहे, त्यात दोघींच्या नवऱ्यांचं नाव जॉर्ज आणि दोघेही कोरिओग्राफर! मग श्रेय सरसकट थोरलीच्या खात्यात जमा होतं, आणि मला ते खरंच खटकतं.

थोरली मारिया, जन्म जानेवारी १९२५, मार्जोरी ऑक्टोबर १९२६ची. वडील ओक्लाहोमातल्या फेअरफॅक्सचे, ओसेज या मूळनिवासी जमातीचे, तेलामुळे घरात पैसा होता, पण आईला मुलींना स्टेजवर बघायचं होतं म्हणून १९३३ला बिऱ्हाड लॉस एंजेलिसला हललं आणि पुढे दोघी रशियन बॅले शिक्षिका ब्रोनिस्लावा निजिंस्काकडे शिकल्या. इथपर्यंत गोष्ट एकच.

मारिया १९४२ला न्यूयॉर्कला जाऊन 'बॅले रुस द माँटे कार्लो' या बॅले कंपनीमध्ये शिरली. तेव्हा बॅले म्हणजे रशियन असा समज, म्हणून तिला आडनाव 'टॉलचीवा' कर म्हणून सांगितलं. तिने ठाम नकार दिला, फक्त एलिझाबेथ मरीचं मारिया केलं. काय हिंमत लागली असेल त्या वयात! १९४७ला नवरा जॉर्ज बॅलनशीन पॅरिस ऑपेरात काम करायला गेला तेव्हा तीही तिथे नाचली, असं करणारी पहिली अमेरिकन, पण पाहुणी म्हणून, थोडेच महिने. तिचं खरं मोठं काम न्यूयॉर्क सिटी बॅलेतलं. १९४९ला बॅलनशीनने तिच्यासाठी बसवलेल्या 'फायरबर्ड' या बॅलेने ती स्टार झाली, १९५४च्या 'नटक्रॅकर'मधली शुगरप्लम परीही तीच.

मार्जोरीचं उलट आहे, तिचं करिअर मुख्यतः युरोपात घडलं. नवरा जॉर्ज स्किबिनसोबत ती मार्क्विस द क्वेव्हासच्या बॅले कंपनीत बरीच वर्षं नाचली आणि १९५७ला पॅरिस ऑपेराची 'एत्वाल' झाली. एत्वाल म्हणजे तिथली सगळ्यात वरची पायरी, जिथे सहसा ऑपेराच्या स्वतःच्या शाळेत लहानपणापासून घडलेल्या मुली पोचतात. त्या पायरीवर पोचलेली पहिली अमेरिकन मार्जोरी, मारिया नाही. पाहुणी म्हणून नाचणं वेगळं आणि त्या कंपनीची एत्वाल होणं वेगळं.

१९८१च्या शिकागो सिटी बॅलेबद्दल वाचताना मात्र दोन्ही नावं आली तर दचकू नका, ती कंपनी दोघींनी मिळूनच उभी केली होती.