बेशुद्धी मोजणारा न्यूरोसर्जन

रात्रपाळीच्या डॉक्टरने केसपेपरवर ‘अर्धवट शुद्धीत’ लिहिलं आणि सकाळच्या डॉक्टरने त्याच रुग्णाला ‘ग्लानीत’ म्हटलं. मधल्या काळात रुग्ण सुधारला की ढासळला? डोक्याला मार लागलेल्या माणसाच्या बाबतीत या प्रश्नावर जीव अवलंबून असतो, कारण कवटीच्या आत साचणारी रक्ताची गाठ बाहेरून दिसत नाही. शुद्ध हरपत जाणं हीच तिची पहिली खूण.

ग्लासगोचे न्यूरोसर्जन ब्रायन जेनेट यांनी ग्रॅहम टीझडेल यांच्यासोबत १९७४ साली यावर तोडगा काढला: ‘ग्लासगो कोमा स्केल’ ही शुद्धी मोजण्याची पट्टी. शुद्धीला नाव देऊ नका; रुग्ण काय करतो तेवढंच नोंदवा. डोळे उघडणं (४ पर्यंत गुण), बोलणं (५ पर्यंत) आणि हालचाल (६ पर्यंत). हालचालीचे गुण आधी ५ होते. हात नेहमीसारखा आखडून घेणं आणि विचित्र तऱ्हेने वळवणं यांत पुढे फरक केला गेला, म्हणून बेरीज आज १५ होते. काहीच प्रतिसाद नसला तरी प्रत्येकी १ मिळतोच, त्यामुळे ‘शून्य’ स्कोअर असूच शकत नाही.

तपासणी सोपी दिसते, पण हात चुकतो तो दाब देताना. आधी नुसतं पाहायचं, मग हाक मारायची, आणि तरीही प्रतिसाद नसेल तरच बोटाच्या टोकावर हळूहळू वाढवत, जास्तीत जास्त १० सेकंद दाब द्यायचा. मात्र बोट दाबल्यावर रुग्णाने हात मागे घेतला, तर तो दाबाची जागा शोधतोय की नुसता हात आखडतोय हे कळत नाही. त्यासाठी खांद्याचा स्नायू चिमटीत धरावा लागतो किंवा भुवईखालच्या खाचेवर दाब द्यावा लागतो. हात गळपट्टीच्या हाडापलीकडे वर आला तर ५, कोपरात नुसता वाकला तर ४ किंवा ३. दोन्ही हातांत फरक असेल तर चांगल्या हाताचे गुण धरायचे.

घशात नळी असलेला रुग्ण बोलणार कसा? सुजलेले डोळे उघडणार कसे? अशा वेळी १ लिहिणं ही सर्रास होणारी चूक. तिथे ‘तपासता आलं नाही’ असंच लिहायचं. नुसती बेरीजही फसवी. डोळे ४, बोलणं १, हालचाल ३ यांची बेरीज ८. डोळे २, बोलणं १, हालचाल ५ यांचीही ८. पहिल्याचे डोळे टक्क उघडे असले, तरी मेंदूची अवस्था बहुधा दुसऱ्याची बरी असते. म्हणून तिन्ही आकडे सुटे लिहायचे.

डोळे उघडे, पण जाणीव नाही, या अवस्थेला नावही जेनेट यांनीच न्यूयॉर्कचे मेंदूविकारतज्ज्ञ फ्रेड प्लम यांच्यासोबत १९७२ मध्ये दिलं: ‘पर्सिस्टंट व्हेजिटेटिव्ह स्टेट’. झोपेचं आणि जागेपणाचं चक्र चालू राहतं, पण आसपासचं भान नसतं. ‘रुग्ण वाचला’ एवढं म्हणून भागत नाही, हे यातून उघड झालं. १९७५ मध्ये त्यांनी मायकेल बाँड यांच्यासह परिणामांचे पाच वर्ग केले: मृत्यू, जाणीवहीन अवस्था, परावलंबी, अपंगत्व असूनही स्वावलंबी, आणि चांगली सुधारणा.

त्याच वर्षी मार लागल्यावर बोललेल्या, पण नंतर दगावलेल्या रुग्णांचा त्यांच्या गटाने अभ्यास मांडला. जो बोलला, त्याचा मेंदू पहिल्याच आघातात पुरता निकामी झालेला नव्हता. म्हणजे घात केला तो नंतरच्या कशाने तरी: रक्ताची गाठ, सूज, वाढलेला दाब, प्राणवायूची कमतरता. यातलं बरंचसं टाळता येण्याजोगं होतं.

समान मोजपट्टी हाती आल्यावर देशांची तुलना शक्य झाली. १९७७ मध्ये ग्लासगो, नेदरलँड्स आणि लॉस एंजेलिस इथल्या ७०० गंभीर रुग्णांची माहिती एकत्र आली. उपचारांच्या पद्धती वेगवेगळ्या, स्टेरॉइडचा वापरही कुठे कमी तर कुठे जास्त. तरी तिन्हीकडे मृत्यूचं प्रमाण जवळपास सारखंच, निम्म्याच्या आसपास. डॉक्टरांच्या खात्रीला हा चांगलाच धक्का होता. स्टेरॉइडने सूज उतरेल हा तर्क मात्र टिकून राहिला. अखेर तो तपासायला ‘क्रॅश’ नावाच्या चाचणीत डोक्याला मार लागलेले १०,००८ रुग्ण घेतले गेले. निकष होता कोमा स्केलवर १४ किंवा कमी गुण आणि दुखापतीला ८ तासांच्या आतला वेळ. २००४ मध्ये निकाल आला. दोन आठवड्यांत स्टेरॉइड मिळालेल्यांपैकी २१.१ टक्के दगावले, न मिळालेल्यांपैकी १७.९ टक्के.