एलीया (नाम)

एलीया हे हिब्रू बायबलमधील एका संदेष्ट्याचे नाव. त्याचे मूळ हिब्रू रूप ‘एलियाहू’. मराठी बायबलात ‘एलीया’, अरबीत ‘इलियास’, पोर्तुगीज भाषेत ‘एलियास’ अशी त्याची रूपे आहेत. ही सारी रूपे कोकण किनाऱ्यावर वेगवेगळ्या समाजांबरोबर पोचली. पैकी रायगड जिल्ह्यातील बेने इस्राएल या ज्यू समाजात ते ‘एलियाहू हानाबी’ असे बिरुदासह घेतले जाते. ‘हानाबी’ म्हणजे संदेष्टा.

नावाचे तीन घटक आहेत. ‘एल’ म्हणजे देव, ‘ई’ म्हणजे माझा आणि ‘याहू’ हे यहोवा या ईश्वरनामाचे संक्षिप्त रूप. ‘यहोवा हाच माझा देव’ हा त्याचा अर्थ. बायबलच्या ‘१ राजे’ या ग्रंथात अहाब राजाच्या काळात बआल देवतेचे प्रस्थ वाढते, तेव्हा एलीया त्याविरुद्ध उभा राहतो. कर्मेल डोंगरावर आकाशातून अग्नी उतरल्यावर लोक पालथे पडून ‘यहोवा हाच देव’ असे ओरडतात. कथेचा कळस असा नावाच्या अर्थावरच येतो. त्यानंतर तीन वर्षांचा दुष्काळ संपतो, तो समुद्रावरून वर आलेल्या तळहाताएवढ्या ढगाने. मृगाआधी पश्चिमेकडे डोळे लावून बसणाऱ्या कोकणी माणसाला हा प्रसंग वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पुढे ‘२ राजे’मध्ये अग्निरथ येतो आणि एलीया वावटळीतून स्वर्गात जातो. त्याला मरण नाही, तो परत येईल, ही श्रद्धा यातूनच वाढली.

हिब्रूतच नावाची दोन रूपे आहेत, लांब ‘एलियाहू’ आणि आखूड ‘एलिया’. मराठी ‘एलीया’ आखूड रूपाला जवळचे आहे. बायबलच्या ग्रीक भागात, म्हणजे नव्या करारात, ‘एलियास’ (उच्चारी ‘इलियास’) येते, त्यावरून लॅटिन आणि पोर्तुगीज ‘एलियास’, फ्रेंच ‘एली’, रशियन ‘इल्या’ ही रूपे झाली. १६११ च्या इंग्रजी बायबलात जुन्या करारात ‘एलायजा’ आणि नव्या करारात ‘एलायस’ अशी एकाच माणसाची दोन नावे छापली गेली, कारण एक भाग हिब्रूवरून आणि दुसरा ग्रीकवरून उतरवला होता. हल्ली मराठी लेखनात इंग्रजी स्पेलिंग पाहून ‘एलिजा’ लिहिले जाते. ते टाळावे. मुळात तिथे ‘य’ आहे आणि मराठीला तो सहज उच्चारता येतो.

नावाच्या ध्वनीवरून झालेला एक गैरसमज बायबलातच नोंदलेला आहे. क्रुसावर येशू ‘एली, एली’ म्हणजे ‘माझ्या देवा’ अशी हाक मारतो आणि जवळ उभे असलेल्यांपैकी काहींना वाटते की तो एलीयाला बोलावतो आहे.

कोकणात हे नाव सर्वांत खोल रुजले ते अलिबाग परिसरात. नवगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटून आपले पूर्वज येथे आले, अशी बेने इस्राएलांची परंपरा आहे. तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी काम न करणारे म्हणून ते ‘शनवार तेली’. मातृभाषा मराठी, आडनावे दिवेकर, किहीमकर, रोहेकर, पेणकर. बायबलमधील नावेही येथल्या वळणाने ‘जी’ लावून घेतली गेली. मुंबईतील पहिले सिनेगॉग (ज्यूंचे प्रार्थनास्थळ) १७९६ मध्ये बांधणारे सॅम्युएल यहेज्केल दिवेकर हे सामाजी हसाजी दिवेकर म्हणून ओळखले जात. याच रीतीने एलियाहूचा ‘एलोजी’ झाला. मात्र माणसाच्या नावात असे बदल चालले तरी संदेष्ट्याचा उल्लेख पूर्ण ‘एलियाहू हानाबी’ असाच राहिला. त्याला ‘जी’ लागला नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

अलिबागजवळ खंडाळे गावी (घाटावरचे खंडाळा वेगळे) खडकावर काही खुणा आहेत. एलियाहू हानाबी स्वर्गात जाताना त्याचा रथ येथे टेकला, त्या घोड्यांच्या टापांच्या आणि चाकांच्या या खुणा, असे बेने इस्राएल मानतात. म्हणून या जागेला ‘एलियाहू हानाबीचा टापा’ म्हणतात. हिब्रू शवाट महिन्याच्या पंधराव्या तिथीला, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत, ज्यू जगात झाडांचे नवे वर्ष साजरे होते. कोकणात त्याच दिवसाला ‘एलियाहू हानाबीचा उरूस’ हे नाव पडले. हिब्रू नाव, अरबी ‘उरूस’ आणि मराठी षष्ठी एका दमात बोलणारे हे नाव या किनाऱ्यावरच घडू शकते.

नवस फेडताना, लग्नाआधी, नव्या घरात, दुखण्यातून उठल्यावर एलियाहूच्या नावाने मलिदा करतात. हा पोळीचा मलिदा नव्हे. भिजवलेल्या पोह्यांत साखर, खवलेला नारळ, वेलची, सुका मेवा कालवून ताटात रास करतात आणि वर केळी, खजूर व हंगामातली फळे मांडतात. हिब्रू प्रार्थना होतात, ‘एलियाहू हानाबी’ हे गीत सर्व मिळून म्हणतात, मग आशीर्वाद म्हणून फळे आणि पोहे वाटले जातात. सुंतेच्या वेळी एलियाहूसाठी खुर्ची ठेवण्याची प्रथा ज्यूंमध्ये सर्वत्र आहे. मलिदा मात्र बेने इस्राएलांचा स्वतःचा.

रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई गावात पोर्तुगीज मिश्रभाषा बोलणारे कॅथलिक राहतात. त्यांचे चर्च कर्मेल डोंगराच्या मातेचे, म्हणजे मारियेचे आहे. कर्मेल म्हणजे एलीयाचाच डोंगर, आणि कार्मेलाइट या कॅथलिक संघाचे संन्यासी त्याला आपला आद्य प्रेरक मानतात. कोकणी मुसलमानांत ‘इलियास’ हे नाव प्रचलित आहे. कुराणातील इलियास आपल्या लोकांना ‘बआलला का पुकारता?’ असे विचारतो. प्रसंग तोच, भाषा वेगळी.

१९४८ नंतर बेने इस्राएलांपैकी बहुसंख्य लोक इस्राएलला गेले. आधुनिक हिब्रूत ‘हानावी’ असा उच्चार असताना त्यांच्या तोंडी ‘हानाबी’ टिकून आहे. तेथेही पोह्यांचा मलिदा होतो आणि नवस फेडण्यासाठी अनेक जण हैफा येथील कर्मेल डोंगरावरच्या एलियाहूच्या गुहेत जातात.