कचरा टाकणं चूक आहे, हे मत की नुसता राग?

इंदूरमध्ये रस्त्यावर काही टाकलं की कोणीतरी टोकतंच. २०१७ पासून सलग सात वेळा देशातलं सगळ्यात स्वच्छ शहर म्हणून नंबर लागला, तेव्हापासून तर लोकांच्या अंगातच भिनलंय ते. रात्री सराफ्यात, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊबाजारात, भुट्ट्याचा कीस खाऊन रिकामा दोना, म्हणजे द्रोण, खाली टाकला तर बाजूला उभा असलेला अनोळखी माणूस पण म्हणतो, अहो हे चूक आहे, डबा तिकडे आहे. आता डबा तिकडे आहे ही झाली माहिती, जाऊन बघता येते. पण "हे चूक आहे" म्हणताना त्याने काय केलं? अजून एक माहिती दिली, की फक्त स्वतःचा राग दाखवला?

बरेच जण पटकन म्हणतात, राग, दुसरं काय. दोन्याचं वजन करता येतं, चुकीचं करता येत नाही, त्यामुळे चूक-बरोबर हे सगळं आपल्या मनातलं. हे मत जुनं आहे, ए. जे. एअर या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९३६ साली, वयाच्या पंचविशीत, ते अगदी ठणकावून मांडलं होतं. त्याचं म्हणणं, "तू पैसे चोरलेस हे चूक केलंस" या वाक्यात "तू पैसे चोरलेस" यापेक्षा एक कणही जास्त माहिती नाही, फक्त आवाजात तिटकारा आलाय. ऐकायला सुटसुटीत वाटतं. मला ते पटत नाही, आणि त्याचं कारण संस्कार वगैरे नाही, साधं लॉजिक आहे.

पीटर गीच या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९६५ साली, गॉटलोब फ्रेगे या जर्मन तर्कशास्त्रज्ञाचा एक जुना मुद्दा घेऊन, एक छोटासा तर्क पुढे ठेवला. त्याच्या उदाहरणात मांजराला छळणं होतं, आपण दोना घेऊ. दोना रस्त्यावर टाकणं चूक आहे. दोना टाकणं जर चूक असेल, तर धाकट्या भावाला टाकायला लावणंही चूक आहे. म्हणून भावाला टाकायला लावणं चूक आहे. शाळेतल्या पोरालाही हे कळतं. पण मधलं वाक्य परत वाचा. "जर चूक असेल तर" असं म्हणताना कोणीच रागावलेलं नाही, ज्याला कचऱ्याचं काहीच पडलेलं नाही तो पण हे वाक्य शांतपणे बोलू शकतो. मग पहिल्या वाक्यातलं "चूक" म्हणजे राग आणि दुसऱ्यातलं म्हणजे भलतंच काही असेल, तर तिसरं वाक्य निघालं कसं? अर्थ मध्येच बदलला तर तर्क तुटायला हवा, आणि इथे तर तो धडधाकट उभा आहे. याला फ्रेगे-गीच प्रॉब्लेम म्हणतात.

एअरची बाजू सावरायला नंतर सायमन ब्लॅकबर्न, ॲलन गिबर्ड असे हुशार तत्त्वज्ञ पुढे आले, नुसत्या रागाऐवजी त्यांनी बऱ्याच बारीक कल्पना आणल्या. पण १९९९ मध्ये निकोलस अनविन या तत्त्वज्ञाने एका "नाही"वर बोट ठेवलं, आणि या सगळ्या विषयात मला सगळ्यात आवडतो तो हाच भाग.

समजा, शेजारच्या काकूंना वाटतं की कचरा टाकणं चूक आहे. या वाक्यात "नाही" तीन ठिकाणी घालता येतो. काकूंना वाटत नाही की टाकणं चूक आहे, म्हणजे कदाचित त्यांनी कधी विचारच केला नसेल. काकूंना वाटतं की टाकणं चूक नाही, म्हणजे विचार केलाय आणि त्यांच्या मते चालतं. काकूंना वाटतं की न टाकणं चूक आहे, म्हणजे कचरा टाकलाच पाहिजे असं मानणाऱ्या काकू. तिघी पूर्ण वेगळ्या. आता हेच रागाच्या भाषेत करून बघा. काकूंना टाकण्याचा राग येतो. राग येत नाही, हे एक. न टाकण्याचा राग येतो, हे दुसरं. बस, "नाही"च्या जागा संपल्या. ज्या काकूंचं ठाम मत आहे की चालतं, त्यांना या थिअरीत जागाच नाही!

मार्क श्रोडर हा युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियातला तत्त्वज्ञ, नीती, विश्वास आणि भाषा या तिन्हींवर काम करणारा. २००८ च्या पुस्तकात त्याने ठरवलं की एअरच्या बाजूची जितकी भक्कम थिअरी बांधता येईल तितकी आपण बांधून बघू. त्याने वाक्यात "नाही"साठी एक जागा वाढवली. टाकणं चूक आहे असं वाटणं म्हणजे टाकणाऱ्याला दोष देण्याच्या बाजूने असणं. आता बघा, त्या बाजूने नसणं, दोष न देण्याच्या बाजूने असणं, आणि न टाकणाऱ्याला दोष देण्याच्या बाजूने असणं. तिन्ही काकू सापडल्या.

पण मग बिल येतं. "इंदूरचा राजवाडा सात मजली आहे आणि त्याच्यासमोर कचरा टाकणं चूक आहे" हे एकच वाक्य आहे, आणि "आणि"ने दोन्ही अर्धी जोडायची तर दोघांचा साचा सारखा लागतो. म्हणजे राजवाड्याबद्दलचा साधा विश्वास पण तसाच समजावा लागतो, राजवाडा सात मजली आहे असं धरून चालण्याच्या बाजूने असणं. नीतीची वाक्यं सांभाळायला गेलो आणि माहितीची वाक्यंसुद्धा पाडून परत बांधायची वेळ आली. श्रोडरने हे मधेच सोडलं नाही, जिथपर्यंत जाईल तिथपर्यंत नेलं आणि मग निष्कर्ष काढला की हा मार्ग बहुधा खोटा आहे. ज्या मताला खोटं म्हणायचं त्याच्यासाठी आधी एवढी मेहनत घ्यायची, याबद्दल मला फार आदर वाटतो.

विश्वासाचा प्रश्न त्याने पुढे दुसऱ्या बाजूनेही धरला. २०१९ मध्ये तत्त्वज्ञ रीमा बासू आणि श्रोडर यांनी लिहिलं की नुसतं काहीतरी मानण्यानेही आपण समोरच्या माणसावर अन्याय करू शकतो. त्यांच्या उदाहरणात दारू सुटून आठ महिने झालेला माणूस पार्टीत मोह आवरून घरी येतो, पण दुसऱ्या कोणाची तरी वाईन त्याच्या बाहीवर सांडलेली असते, वास येतो, आणि बायकोच्या डोळ्यांत दिसतं की तिच्या मते हा परत प्यायला लागला.

आपल्याकडे हे अंगठीवरून होतं. अंगठी सापडत नाही, कामाला येणाऱ्या मावशींनीच घेतली असं मनात पक्कं बसतं, तोंडातून एक शब्द काढत नाही, आणि मग ती वॉशिंग मशीनच्या ड्रममध्ये सापडते. बऱ्याच तत्त्वज्ञांचं म्हणणं, जोवर बोललो नाही, वागण्यात फरक केला नाही, तोवर मावशींचं काही बिघडलं नाही, विश्वास फक्त पुराव्याने मोजायचा. बासू आणि श्रोडर म्हणतात की पुरावा किती पुरे हेच मुळात समोरच्याचं काय पणाला लागलंय त्यावर ठरतं, आणि चोर ठरण्यात माणसाचं खूप काही पणाला लागतं, त्यामुळे तिथे जास्त पुरावा हवा. मी त्यांच्या बाजूने आहे. मावशींना काही कळलेलं नसलं तरी माझ्या मते त्यांची माफी मागायला पाहिजे, आणि ती वागण्याची नाही, मानण्याची.