‘ओव्हरकम’: वर आला की वर गेला?

भाचा कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानाजवळ राहतो. परवा इंग्रजीचं पुस्तक पुढ्यात टाकून म्हणाला, "मामा, ओव्हरकम म्हणजे जिंकणंच न्हवं का?" पुस्तकात अर्थ छापला होता ‘मात करणे’. चूक नव्हती. पण ‘ओव्हरकम’ आणि ‘मात’ या दोन्ही शब्दांची मुळं वेगवेगळ्या मातीतली आहेत.

ओव्हरकम हा इंग्रजीचा घरचा शब्द. जुन्या इंग्रजीत तो ‘ओफरकुमन’ होता: ‘ओफर’ म्हणजे वर किंवा पलीकडे, ‘कुमन’ म्हणजे येणं. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या एकाच हस्तलिखितात टिकून राहिलेल्या ‘बेओवुल्फ’ या काव्यात तो आहे, आणि तोही कुस्तीच्याच प्रसंगात म्हणा ना. नायक तलवार बाजूला ठेवतो आणि ग्रेंडेल नावाच्या राक्षसाला नुसत्या हातांनी धरतो. एका गड्याच्या बळावर सगळ्यांनी शत्रूवर मात केली, अशा अर्थाची ओळ तिथं येते. पकड अशी, की राक्षसाचा हात खांद्यापासून उखडतो. कोल्हापूरकराला हे फार समजावून सांगावं लागत नाही.

अजून मागं गेलं तर गंमत वाढते. इंग्रजी ‘ओव्हर’ आणि संस्कृत ‘उपरि’ यांचं मूळ एक. त्या ‘उपरि’वरून आपला ‘वर’ आला. ‘कम’ आणि ‘गम्’ हेही एकाच घरचे, आणि ‘गम्’चं रूप मराठीत ‘गेला’ म्हणून नांदतंय. म्हणजे ओव्हरकमचे भाऊबंद मराठीत शेजारी बसवले तर होतं ‘वर गेला’! आपल्याकडं त्याचा अर्थ काय होतो, हे सांगायला नको.

१०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड घेतलं आणि त्यानंतर फ्रेंचमधून कॉन्कर, व्हँक्विश, सरमाउंट असे भारदस्त शब्द आले. सरमाउंट म्हणजे मुळात वर चढून जाणं, पन्हाळ्याचा चढ चढावा तसं. तरी जुना शब्द हटला नाही. मुलूख कॉन्कर करतात. भीती, आजार, लाजाळूपणा ओव्हरकम करतात.

आपली ‘मात’ बुद्धिबळाच्या पटावरची. ‘शाह मात’मधल्या ‘मात’चा मूळ अर्थ अरबी ‘मेला’ की फारसी ‘हतबल झाला’, यावर अभ्यासकांत दोन मतं आहेत. पन्हाळा आदिलशाहीत होता त्या काळात दरबार आणि दफ्तर फारसीनं भरलेलं. शह, मात हे शब्द आपल्याकडं फारसीतून आले, आणि तालमीतले पहिलवान, वस्ताद, खुद्द कुस्तीसुद्धा. तोच शह युरोपात जाऊन ‘चेक’ झाला, बँकेतला चेकही त्याच वंशातला. ‘चेकमेट’ म्हणजे तर सरळ आपलं शह-मात.

शाहू महाराज १९०२ मध्ये युरोपला गेले, रोमचं कलोसियम पाहून आले आणि त्या धर्तीवर त्यांनी खासबाग बांधून घेतलं. १९१२ मध्ये मैदान सुरू झालं. तिथल्या लाल मातीत एक गोष्ट स्पष्ट दिसते: नुसतं वर येऊन भागत नाही. खालचा गडी पोटावर चिकटून राहिला, मान घट्ट ठेवली, की वरचा घामाघूम होतो आणि निकाल काही लागत नाही. पाठ मातीला लागली पाहिजे. हरणाऱ्याला वर आभाळ दिसतं, म्हणून ‘अस्मान दाखवलं’.

भाच्याच्या पुस्तकात पुढचंच वाक्य होतं, एक बाई दुःखानं ओव्हरकम झाली. इथं ‘मात’ चालत नाही. गहिवरली, कोसळली, असं काहीतरी म्हणावं लागतं. इंग्रजीत दुःखच अंगावर चालून येतं आणि माणसाला खाली पाडतं. मी त्याला गेल्या मैदानातलं पोरगं आठवून दिलं. ढाक नावाचा डाव बसला, चीत झालं, आणि हौद्याच्या, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या आखाड्याच्या, कडेला मातीनं माखलेल्या हातांनी डोळे पुसत बसलं. पडलं तेव्हाही ओव्हरकम, रडलं तेव्हाही ओव्हरकम.

"मग त्याला वस्तादानी उठवलं की," भाचा म्हणाला आणि त्यानं वहीत तीन अर्थ लिहिले.