लॉबिंग आणि सोलापूरचे उद्योग

लॉबिंग : कायदा, कर किंवा नियम आपल्या सोयीचा व्हावा म्हणून कंपन्या व त्यांच्या संघटना मंत्री, खासदार-आमदार आणि अधिकाऱ्यांकडे करतात तो पद्धतशीर पाठपुरावा. निवेदने, शिष्टमंडळे, अर्थसंकल्पापूर्वीच्या बैठका, आपल्या बाजूचे अहवाल आणि पक्षांना देणग्या हे त्याचे नेहमीचे मार्ग. अमेरिकेत 1995 च्या कायद्यानुसार लॉबिंग करणाऱ्यांना नोंदणी करून खर्च जाहीर करावा लागतो. भारतात असा कायदा नाही. त्यामुळे अधिसूचनेतला एखादा शब्द कोणाच्या भेटीनंतर बदलला, हे नागरिकाला सहसा कळतच नाही.

सोलापूरच्या गिरण्यांनी या दबावाची झळ फार आधी सोसली. इथली जुनी मिल 1877 ची. त्याच सुमारास भारतात येणाऱ्या कापडावरचे आयात शुल्क उठावे म्हणून इंग्लंडमधल्या लँकेशायरचे गिरणीमालक लंडनमध्ये जोर लावत होते, आणि 1882 मध्ये ते उठलेही. पुढे तिजोरीसाठी सरकारला शुल्क परत बसवावे लागले, तेव्हा त्याच मंडळींच्या आग्रहाने 1896 मध्ये परदेशी कापडावर साडेतीन टक्के आणि देशी गिरण्यांच्या कापडावरही तेवढाच उत्पादन कर लागला. तो 1926 मध्ये रद्द झाला.

विडीधंद्यात गुंता जास्त आहे. शहराच्या पूर्व भागातल्या हजारो स्त्रिया, त्यांत बहुसंख्य तेलुगूभाषक, कारखान्यातून पाने, तंबाखू आणि दोरा घरी नेतात. पाने भिजवून कापतात, तंबाखू भरून विड्या वळतात आणि मोजून परत देतात. मजुरी हजार विड्यांमागे मिळते. तंबाखूवर निर्बंध येऊ लागले की याच स्त्रियांची रोजीरोटी मालकांच्या निवेदनात सर्वांत वर असते. ती भीती खोटी नाही. मात्र त्यांची किमान मजुरी, भविष्य निर्वाह निधी आणि तंबाखूच्या धुळीने होणारे आजार यांसाठी कामगार संघटनांनाच मोर्चे काढावे लागतात. ही तफावत अन्यायाची आहे.

तंबाखूजन्य पदार्थांच्या पाकिटावरचा 85 टक्के जागेचा सचित्र आरोग्य इशारा 1 एप्रिल 2015 पासून लागू व्हायचा होता. संसदीय समितीने तो लांबवण्याची शिफारस केली. त्या समितीत एक विडी उद्योजक खासदारही होते. इशारा वर्षभर उशिरा आला. 2017 च्या जीएसटीत सिगारेटवर 28 टक्क्यांखेरीज उपकर बसला; विडीवर 28 टक्के लागले, पण उपकरातून ती सुटली. सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटी परिषदेने विडीचा दर 28 वरून 18 टक्के करण्याची शिफारस केली. हजार विड्यांच्या मजुरीचा विषय त्या बैठकीच्या कक्षेतच नव्हता.